‘प्युअर’, ‘टाइप’, ‘टेस्टेड’: इंदुरातली माहेश्वरी आणि तिच्या चिठ्ठीवरचे शब्द

इंदुरात माहेश्वरी न ठेवणारं साडीचं दुकान शोधूनच काढावं लागेल. राजवाड्याच्या आसपास, सीतलामाता बाजारात, एम. टी. क्लॉथ मार्केटच्या गल्ल्यांत, मॉलमध्ये, लग्नसराईतल्या प्रदर्शनांत, सगळीकडे ती आहे. महेश्वर इथून शंभर किलोमीटरच्या आत, नर्मदेच्या काठावर. गाव इतकं जवळ की ‘हमारा माल सीधे महेश्वर से आता है’ हे वाक्य बोलायला कुणाला कष्ट पडत नाहीत आणि ऐकणाऱ्यालाही ते लगेच पटतं. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना तर फारच लवकर पटतं.

या परीक्षणात कुठल्याही एका दुकानाला गुण दिलेले नाहीत. दिलेत ते चिठ्ठीवर लिहिलेल्या आणि गादीवर बसून बोलल्या जाणाऱ्या शब्दांना. प्युअर, टाइप, सेमी, आर्ट, टेस्टेड, हँडलूम फील. साडी फसवते ती बहुतेकदा कापडाने नाही, या शब्दांनी. कापड समोर पसरलेलं असतं, पण शब्दांकडे कुणी बघत नाही.

आधी अस्सल कशाला म्हणायचं ते पक्कं करू. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वर राजधानी केली आणि बाहेरगावचे विणकर आणून तिथे वसवले, तिथून ही वीण चालत आली. आज जिला माहेश्वरी म्हणून ओळखतात तिचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. ताणा म्हणजे मागावर लांबीत ताणलेले उभे धागे, बाणा म्हणजे धोट्यातून आडवा जाणारा धागा. ताण्यात साधारणपणे २०/२२ डेनिअरचं रेशीम असतं, म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं वजन वीस-बावीस ग्रॅम. माहेश्वरीची झळाळी आणि हलकेपणा या बारीक ताण्यातून येतो, आणि उन्हाळ्यात अंगाला सुखावते ती सुती बाण्यामुळे. निव्वळ सुती आणि रेशीम-रेशीम माहेश्वरीही महेश्वरात विणल्या जातात, त्याही तितक्याच खऱ्या. फक्त त्या काय आहेत हे स्पष्ट लिहिलेलं हवं.

अंग साधं, किंवा रेघांचं, किंवा चौकड्यांचं. चंद्रकला ही साधी; चंद्रतारा, बेली आणि परबी रेघांच्या किंवा चौकड्यांच्या. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येणारा, त्याला ‘बुगडी’ म्हणतात. काठावरची नक्षी वीट, चटई, लहर, हिरा, चमेलीचं फूल अशी, बरीचशी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कामावरून घेतलेली. पदराला पाच पट्टे, तीन रंगीत आणि त्यांच्यामध्ये दोन पांढरे. जुन्या रंगांची नावं तर मराठी माणसाला घरचीच वाटतील: अंगुरी, डाळिंबी, गुलबक्षी, जांभळा, तपकिरी. दुकानदाराला ‘गुलबक्षी दाखवा’ म्हटलं आणि त्याने नेमकी ती काढली, तर तो हा माल बरेच दिवस हाताळतोय एवढं तरी कळतं.

आता एक नमुना जवळून बघू. बाजारात सर्रास दिसणारा: डाळिंबी अंग, चटईचा काठ, सोनेरी जर, किंमत १,८५० रुपये. चिठ्ठीवर ‘प्युअर माहेश्वरी सिल्क कॉटन, टेस्टेड जरी’.

पहिलं काम काठ उलटा करण्याचं. बुगडी काठाची उलटी बाजूही सुबक दिसते, नक्षी तीच, फक्त रंग आलटूनपालटून. या नमुन्याच्या काठामागे धाग्यांची मोकळी आडवी लोंबणी आहेत आणि काही ठिकाणी ती कातरलेली. हा काठ एकाच बाजूने दाखवण्यासाठी विणलाय. पण इथे घाई नको. दोन्ही बाजूंनी नीट दिसणारा काठ आता यंत्रमागही काढतो. म्हणजे काठ नापास झाला तर साडी बाद, पण पास झाला म्हणून हातमाग सिद्ध होत नाही. पुढच्या बहुतेक परीक्षांनाही हाच नियम लागू आहे आणि लोक नेमकं इथेच चुकतात.

दुसरं, कापडाची कड. दोन्ही कडांवर बोट फिरवायचं आणि उजेडासमोर धरून बघायचं. कडेला आडव्या धाग्यांची कापलेली टोकं झालरीसारखी असतील, तर ती बिनधोट्याच्या मागावरची आहे. तिथे प्रत्येक आडवा धागा वेगळा कापला जातो. हातमागावर धोटा परत फिरतो, म्हणून धागा कडेला वळसा घेऊन आत जातो. मात्र धोट्याचे यंत्रमागही असतात आणि त्यांची कडही वळशाचीच असते. तिथे उपयोगी पडतात ती टाचणीची भोकं. विणताना कापड आकसू नये म्हणून हातमागावर रुंदीत एक टोकदार काठी लावतात, तिला पनिक म्हणतात. थोडं विणून झालं की विणकर ती काढतो आणि पुढे लावतो. त्यामुळे भोकं काही अंतर सोडून, दोन्ही कडांना समोरासमोर, कमी-जास्त अंतराने पडतात. यंत्रमागाला हेच काम फिरती चकती करते आणि तिच्या खुणा एका ओळीत, शिवणयंत्राच्या टिपेसारख्या सलग उमटतात. या नमुन्याच्या कडेला सलग ओळ आहे. ट्यूबलाइटखाली ती दिसत नाही. मोबाइलचा दिवा कापडाच्या खालून धरला की स्पष्ट दिसते.

तिसरं काम धागा काढण्याचं. पदराच्या टोकाला न दुमडलेले धागे असतात. तिथून एक उभा आणि एक आडवा असे दोन धागे वेगवेगळे काढायचे. एकत्र जाळले तर निकाल गढूळ येतो, आणि एकच जाळणारा तर बहुधा हाताला आलेला सुती धागाच जाळतो आणि खूश होतो. रेशमाचा धागा ज्योतीपासून मागे सरतो, केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की विझतो आणि टोकाला राहिलेला काळा मणी बोटाने चुरडला की पूड होते. सूत कागदासारखं जळतं, ज्योत काढल्यावरही निखारा धुमसत राहतो, राख मऊ आणि राखाडी. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर येतो, मणी कडक राहतो आणि नखाने फुटत नाही. व्हिस्कोज मात्र फसवतं. तेही सुतासारखंच जळतं, कारण तेही मुळात वनस्पतीतल्या सेल्युलोजपासूनच बनतं. ते ओळखायला धागा ओला करून ओढायचा. व्हिस्कोज ओलं झालं की बरंच कमजोर होतं आणि लगेच तुटतं, सूत ओलं झाल्यावर उलट जरा बळकट होतं. आपल्या नमुन्यात आडवा धागा सुती निघाला, उभा वितळला. मणी कडक.

दुकानात धागा जाळू द्यायला नकार मिळणं स्वाभाविक आहे, तिथे कापडाचे ढीग असतात. दोन-दोन इंच धागे कागदात गुंडाळून बाहेर न्यायची परवानगी मागायची. ती द्यायला ज्याला अडचण वाटते, त्याच्या ‘प्युअर’ला आमच्याकडून शून्य गुण.

चौथं, जर. नखाने किंवा टाचणीने जरीच्या टोकाचा वरचा थर खरवडायचा. खाली तांबूस दिसलं तर तांब्याची तार. जाळल्यावर वितळून गोळा झाला तर ती प्लास्टिकची चकाकती पट्टी. आपल्या नमुन्यात दुसरा प्रकार आहे. म्हणजे चिठ्ठीवरचा ‘टेस्टेड’ हा शब्दही खरा नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

‘टेस्टेड’ म्हटलं की कुणालाही वाटतं, कुणीतरी तपासून खात्री दिली. जरीच्या धंद्यात अर्थ वेगळा. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. ‘टेस्टेड’ किंवा ‘हाफ फाइन’ म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा. तिसरी प्लास्टिकची. टेस्टेड जर वाईट नाही. रोजच्या वापरात टिकते, फक्त दमट हवेत आणि अत्तराने काळवंडते. पण ‘टेस्टेड’ हा शब्द खात्री देत नाही, तो कमीपणाची कबुली देतो, आणि ती कबुली ऐकणाऱ्याला हमीसारखी ऐकू येते. बाजारातल्या शब्दांत सगळ्यांत चतुर शब्द हाच.

‘आर्ट सिल्क’ त्याचा धाकटा भाऊ. इथे आर्ट म्हणजे कला नव्हे, शेपूट तोडलेलं आर्टिफिशियल. आर्ट सिल्कमध्ये रेशमाचा एकही धागा नसतो. व्हिस्कोज किंवा पॉलिस्टर असतं. ‘माहेश्वरी आर्ट सिल्क’ अशी चिठ्ठी बघून ‘किती कलात्मक’ म्हणणाऱ्या ताई-काकूंना ही एक ओळ जरूर वाचून दाखवा. ‘सेमी’चंही तसंच. सेमी-सिल्क म्हणजे अर्धं रेशीम असं काही ठरलेलं माप नाही. ‘मर्सराइज्ड’ हा मात्र प्रामाणिक शब्द आहे. कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने सुताला चमक आणि ताकद येते, एवढंच तो सांगतो. पण ती चमक रेशमाची म्हणून दाखवली गेली तर दोष शब्दाचा नाही.

आता ‘टाइप’. ‘माहेश्वरी टाइप’, ‘माहेश्वरी स्टाइल’, ‘माहेश्वरी लुक’. या शब्दांना आम्ही चांगले गुण देतो, कारण ते खरं बोलतात. ही माहेश्वरी नाही, तिच्यासारखी आहे. खोटेपणाच्या छटा वेगवेगळ्या ठेवणाऱ्या क्रोएशियन भाषेत यासाठी एक उपसर्गच आहे, ‘नाझोवी’. शब्दशः अर्थ ‘म्हण’, ‘नाव दे’. नाझोवी-मित्र म्हणजे मित्र म्हणवला जाणारा, पण मित्र नसलेला. साडीच्या चिठ्ठीवरचा ‘टाइप’ नेमका हाच. आपल्या बोलण्यातल्या ‘म्हणे’ची छटा थोडी निराळी. ‘प्युअर आहे म्हणे’ म्हणणारा फक्त ऐकलेलं पुढे करतो, जबाबदारी घेत नाही. क्रोएशियनमध्ये त्याला ‘नावोद्नी’, म्हणजे सांगितला गेलेला. आणि मुद्दाम सोंग घेतलेल्याला ‘तोबोझ्न्यी’. इंग्रजी वर्तमानपत्रं ‘सो-कॉल्ड’ या एकाच शब्दात या तिन्ही छटा कोंबतात, त्यामुळे वाचणाऱ्याला कळत नाही की लिहिणारा शंका घेतोय की थेट नाकारतोय.

ही शब्दांची छाननी करमणुकीसाठी नाही. तक्रार करायची वेळ येते तेव्हा साडीत नेमकं काय खोटं आहे ते सांगावं लागतं आणि ‘डुप्लिकेट आहे’ एवढ्याने काम होत नाही. भारतातल्या औषधांच्या कायद्याने, १९४०च्या, हा फरक केव्हाच केला. चुकीच्या लेबलाचं औषध, भेसळीचं औषध आणि नकली औषध यांना तिथे तीन वेगळी कलमं आहेत, १७, १७अ आणि १७ब. साडीलाही अशीच तीन-चार कलमं मनात लावून घ्यावीत.

ताण्यात रेशमाच्या जागी पॉलिस्टर घातलं, किंवा थोडं रेशीम आणि बाकी व्हिस्कोज, ही भेसळ. क्रोएशियनमध्ये ‘पात्वोरिना’. मधात साखरेचा पाक मिसळला तर तो ‘पात्वोरेनी’ मध. वस्तूच्या अंगात खोट आहे. वर हातमागाची किंवा रेशमाची खोटी खूणचिठ्ठी शिवली, तर ती बनावट. त्याला तिकडे ‘क्रिवोत्वोरिना’ म्हणतात, ‘क्रिव’ म्हणजे वाकडं, चुकीचं आणि ‘त्वोरिती’ म्हणजे घडवणं. नोटा, सह्या, दस्तऐवज यांच्यासाठी हाच शब्द लागतो. कापड कदाचित बरंही असेल, पण त्याच्यावरची साक्ष खोटी आहे. नुसती नक्षी आणि पाच पट्टे उचलले, नाव मात्र ‘टाइप’ लिहिलं, तर ती नक्कल. नक्कल हा गुन्हाच असतो असं नाही. कचेरीतून आपण दस्ताची नक्कल घेतोच, आणि ती शिक्क्यासह मिळते. रस्त्यावर विकतात त्याला क्रोएशियनमध्ये ‘लाझ्न्याक’, म्हणजे आपलं ‘फर्स्ट कॉपी’.

जरीच्या खोटेपणासाठी मराठीत फार सुरेख शब्द आहे, बेगडी. बेगड म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, मखरांना आणि ताबुतांना लावतात तो. ‘हिणकस’ही तसाच, धातूत मिसळलेल्या हिणावरून आलेला. इंग्रजीत या जागी ‘पिंचबेक’ आहे. लंडनचा घड्याळजी क्रिस्टोफर पिंचबेक याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तांबं आणि जस्त यांचा सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू काढला. त्याच्या काळी तो नावाने विकला जाणारा माल होता. पुढे त्याचं आडनावच स्वस्त, खोट्या वस्तूला चिकटलं. माणसांच्या खोटेपणाला आपल्याकडे ‘तोतया’ आणि ‘भोंदू’, क्रोएशियनमध्ये ‘नाद्री’ हा उपसर्ग. नाद्री-वैद्य म्हणजे विद्या नसताना औषध देणारा. विणकराचा सदरा घालून प्रदर्शनात बसलेला व्यापारी या वर्गात बसतो. त्याला एकच प्रश्न विचारावा: फणी, म्हणजे मागावर ताण्याचे धागे जिच्यातून ओवतात ती, कितीची? विणकर लगेच आकडा सांगतो.

नावाच्या हक्काचा प्रश्न अगदी वेगळा आणि तोही क्रोएशियाला चांगला ठाऊक आहे. क्रोएशियाच्या किनारपट्टीवरच्या दाल्मातियाची ‘प्रोशेक’ ही वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाइन. युरोपीय संघात २०२१मध्ये तिच्या नावाला संरक्षण देण्याचा अर्ज पुढे सरकला, तेव्हा इटलीने हरकत घेतली, कारण नाव त्यांच्या ‘प्रोसेक्को’ या वाइनच्या जवळचं. प्रोशेक खोटी आहे असं कुणाचं म्हणणं नव्हतं, वाद फक्त नावाचा. महेश्वरबाहेर, पण हातमागावर, रेशीम-सुताची तशीच साडी विणली तर तिच्यात भेसळ नाही, बनावट नाही, पण ‘माहेश्वरी’ नाव लावायचा हक्कही नाही. भारतात १९९९च्या भौगोलिक निर्देशांच्या कायद्याने माहेश्वरी आणि चंदेरी या दोन्ही नावांना संरक्षण आहे.

म्हणूनच खुणांचे बिल्लेही वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक बिल्ला एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. सिल्क मार्क, २००४पासून, रेशीम खरं का एवढंच सांगतो. यंत्रमागावरच्या खऱ्या रेशमालाही तो लागतो. हँडलूम मार्क, २००६पासून, माग कुठला ते सांगतो. धाग्याबद्दल तो बोलत नाही. इंडिया हँडलूम ब्रँड, २०१५पासून, हातमागाबरोबर दर्जाची हमी देतो. भौगोलिक निर्देश गावाबद्दल. दुकानात सिल्क मार्क दाखवून ‘हँडलूम है’ म्हणतात तेव्हा एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलेलं असतं. बिल्ला साडीला शिवलेला आहे का, त्याच्यावर क्रमांक आहे का, तेही बघावं. काउंटरवर फ्रेममध्ये लावलेला बिल्ला दुकानाचा असतो, तुमच्या साडीचा नाही.

चंदेरीबद्दल थोडक्यात, कारण इथे ती माहेश्वरीच्या शेजारीच रचलेली असते आणि सरमिसळ होते. चंदेरीच्या ताण्यातलं रेशीम डिंक न काढलेलं असतं, म्हणून ती जास्त पारदर्शक आणि कडक. अंगभर बुट्ट्या ही तिची ओळख, माहेश्वरीची नव्हे. हातमागावरची बुट्टी उलट बाजूने बघावी. धागा बुट्टीपुरताच फिरलेला असतो. दोन बुट्ट्यांमधला धागा कापून टाकल्याची केसाळ टोकं दिसली, तर ती यंत्राची. अंगभर बुट्टीची ‘माहेश्वरी’ दिसली तर आधी चिठ्ठी पुन्हा वाचावी. ठशांचं छापकाम केलेली माहेश्वरी मात्र खरी असू शकते. कापड महेश्वरचं आणि छाप बाघ गावचा, अशा साड्या उत्तम असतात. तिथे फक्त कड, धागा आणि काठ तपासावा, नक्षी नाही.

किमतीचा अंदाज: रेशीम-सुती, हातमागाची साधी साडी विणायला विणकराचे कित्येक दिवस जातात, त्याआधी ताणा लावणं आणि रंगकाम वेगळं. ती हजार-बाराशेला मिळूच शकत नाही, सेल असो वा दिवाळी. यंत्रमागाची सुती ‘टाइप’ साडी त्या किमतीत चांगली खरेदी आहे. रोज कार्यालयात नेसायला, प्रवासाला, धुऊन वाळत टाकायला बरी. आम्ही तिला पाचपैकी साडेतीन देऊ. आपल्या १,८५०च्या नमुन्याला एक, आणि तोही त्याच्या सुती बाण्यासाठी. पॉलिस्टरच्या ताण्याची साडी उन्हाळ्यात अंगाला घाम धरते, म्हणजे माहेश्वरीचा मुख्य गुणच गेला. उत्पादकाच्या नावाचा आणि हातमागाचा असे दोन्ही शिवलेले बिल्ले असलेल्या, काठ दोन्ही बाजूंनी नीट असलेल्या साडीला साडेचार. अर्धा गुण राखून ठेवलाय तो रंगासाठी, कारण घरी नेल्यावर निराशा होते ती तिथेच.

रंग दुकानातच तपासता येतो. पांढरा सुती रुमाल किंचित ओला करायचा आणि साडीच्या गडद भागावर, आतल्या घडीत, दहा-पंधरा वेळा दाबून घासायचा. फिकट छटा आली तर चालेल, रुमाल रंगला तर घेऊ नये. डाळिंबी आणि जांभळा सगळ्यांत जास्त सोडतात, आणि पदरातले पांढरे पट्टे त्याच रंगाने खराब होतात. तो डाग परत निघत नाही. खळही बघावी. कापड दोन बोटांत चोळल्यावर पांढरी भुकटी सुटली, तर विरळ वीण झाकायला खळ जास्त लावलीय. पहिल्या धुण्यात ती जाते आणि साडी मच्छरदाणीसारखी लोळते. घरी पहिल्या दोन-तीन वेळा ड्रायक्लीन, मग गार पाणी आणि सौम्य साबण. पिळायची नाही, गुंडाळून दाबायची. सुती बाणा आकसतो, रेशमाचा ताणा तितका आकसत नाही, म्हणून पहिल्या धुण्यानंतर काठाजवळ हलक्या चुण्या पडणं हा दोष नव्हे. उलट बाजूने कोमट इस्त्री केली की त्या बसतात.

आता बिल. गादीवर बोललेला कुठलाही शब्द उपयोगाचा नाही, कागदावरचा उपयोगाचा. बिलावर एचएसएनचा, म्हणजे करासाठी मालाचा वर्ग दाखवणारा, आकडा छापलेला असेल तर त्याचे पहिले दोन अंक बघावेत. ५० म्हणजे रेशीम, ५२ म्हणजे सूत, ५४ आणि ५५ म्हणजे कृत्रिम धागा. मिश्र कापडाचा वर्ग वजनाने जो धागा जास्त त्याच्यावरून ठरतो, म्हणून खऱ्या माहेश्वरीच्या बिलावर ५२ दिसलं तर दचकू नये. ‘प्युअर सिल्क’ साडीच्या बिलावर ५४ दिसलं, तर मात्र दुकानाने स्वतःच्याच हाताने सत्य लिहून दिलंय.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि खरी म्हणून खोटं सांगून विकलेल्या वस्तूची व्याख्याही तिथे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. तक्रारीत ‘नकली साडी’ असं न लिहिता ‘ताणा रेशमाचा सांगून पॉलिस्टरचा दिला’ असं लिहावं. काढलेले धागे पाकिटात, तारीख टाकून, बिलासोबत ठेवावेत. साडी नेसून, धुऊन मग भांडण्यापेक्षा घडी मोडायच्या आधी तपासलेली बरी.

बिलावर लिहून घ्यायची ओळ एवढीच: हातमाग, ताणा रेशीम, बाणा सूत, जर टेस्टेड, विणकाम महेश्वर. पाच गोष्टी, पाच शब्दसमूह. दुकानदार ज्या शब्दाशी अडखळेल तेवढा शब्द खोडायचा आणि त्या शब्दाची किंमत वजा करून भाव करायचा. ‘हातमाग’ खोडला तर यंत्रमागाचा भाव, ‘रेशीम’ खोडला तर ‘टाइप’चा. ‘महेश्वर’शी अडला आणि बाकी चारही लिहून द्यायला तयार झाला, तर साडी कदाचित चांगली असेल, पण ती माहेश्वरी म्हणून कुणाला भेट देऊ नका.